शेळी अडुळसा खात नाही

तो बांध मी उजाड केला. मामांच्या शेळ्यांनी नाही, मी. हे वाक्य कागदावर लिहायला सोपं आहे. तोंडानं म्हणायला मला वर्षभर लागलं, आणि तेवढ्या काळात एका माणसाला आमच्या शिवारात पाय ठेवायची सोय राहिली नाही.

आमची वस्ती उमापूरहून चकलांब्याकडे जाताना रस्त्यापासून थोडी आत आहे. काळी जमीन, कापूस, तूर, विहिरीच्या भरवशावर थोडा ऊस. विहिरीपासून ओढ्यापर्यंत एक बांध जातो. सातबाऱ्यावर बांधाला मालक नसतो, पण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की हा बांध वहिनींचा. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा भावकीनं वाटणीचा विषय काढला होता. वहिनी म्हणाल्या, “वाटणी नको. भावजी करतील तशी शेती करू. एवढा बांध तेवढा माझ्याकडं राहू द्या.” तेव्हा मला वाटलं, किती थोडं मागितलं.

त्या बांधावर त्यांनी जे लावलं ते विकायचं नव्हतं. अडुळशाची रांग होती, ओढ्याच्या अंगाला निर्गुडी. पाटाच्या ओलीवर माका आणि घेटुळी आपोआप यायची, ती त्या उपटू देत नसत. बाभळीच्या काटेरी कुंपणात शतावरी घुसलेली. मधल्या निंबावर गुळवेल चढून पार शेंड्याला गेलेली. आणि विहिरीच्या दगडांपाशी, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी, उपळसरी. बारीक पानांची ती वेल जमिनीवर काही दिसत नाही, पण मुळी उकरली की अख्ख्या विहिरीवर सुगंध पसरतो. उन्हाळ्यात वहिनी त्या मुळीचं पाणी करायच्या आणि रानातून आलेल्या प्रत्येकाला एकेक पेला द्यायच्या.

आजूबाजूच्या वस्त्यांवरून बाया यायच्या. कोणाचा खोकला, कोणाचे गुडघे, कोणाला बारीक ताप. वहिनींचे दोन नियम होते. एक, ताप उतरला नाही तर परत त्यांच्याकडे यायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. दुसरा, पाला न्यायचा तर सोबत काडीही न्यायची.

“पाला एकदा उकळला की संपला,” त्या म्हणायच्या. “काडी लावा. पुढल्या खेपेला माझ्याकडं नका येऊ, तुमच्याकडं कोणी आलं तर त्याला द्या.”

एखादी बाई काडी न घेता निघाली तर वहिनी हाक मारून तिला परत बोलवायच्या.

आता मामा-मामींबद्दल. नात्यानं ते आमचे कोणी नव्हेत. पाटोद्याच्या वरच्या डोंगरातले मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं, थोड्या शेळ्या आणि ओझ्याचं एक घोडं घेऊन ते खाली गंगथडीकडे, गोदावरीच्या काठाला, उतरत. वाटेत आमच्या रानात मेंढरं बसवायची ही माझ्या वडिलांपासूनची रीत. रात्री मेंढरं रानात बसतात, लेंडी आणि मूत जमिनीला मिळतं, त्याच्या बदल्यात आपण धान्य द्यायचं. मामी येताना दर वर्षी ओल्या फडक्यात काहीतरी बांधून आणायच्या. निंबावरची गुळवेल त्यांच्या काडीची. उपळसरीची पहिली मुळीही त्यांनीच डोंगरातून आणली होती. मग दोघी बांधावर बसत. वहिनी लेंडीचं एक पोतं स्वतःसाठी वेगळं काढून ठेवत, रोपांच्या मातीत मिसळायला. मी लांबून बघायचो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात फारसा रस नव्हता.

ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी पुतण्याचं, म्हणजे वहिनींच्या मुलाचं, लग्न ठरत होतं. मुलीकडची वडीलधारी माणसं शेत बघायला येणार होती. वहिनी भाऊबिजेला माहेरी गेल्या होत्या. तिकडे त्यांचा भाऊ पडला, पायाला प्लास्टर झालं, म्हणून त्यांचा मुक्काम लांबला. मामांची मेंढरं आमच्या रानात बसून शेजारच्या शिवारात गेली होती.

सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो तर आमच्या बांधाला बांध असलेला शेजारी कॅन टेकवून उभा. मला बघून म्हणाला, “काय बे, बांधावर वाघ पाळलाय का?”

“कावून?”

“न्हाई, पाव्हणे येणार हायत म्हणं. पोरीचा बाप म्हणंल, हे शेत हाय का रान? पोरगी देईल, पर आधी बंदूक मागंल.”

सगळे हसले. दूध मोजणाराही हसला. मीही हसलो. आमच्याकडे माणसाची पारख बांधावरून होते. बांध साफ तर माणूस कष्टाळू, बांधावर गवत तर माणूस आळशी. घरी आलो, जेवलोही नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेतला, तणनाशक कालवलं आणि विहिरीपासून ओढ्यापर्यंत बांध मारत गेलो. गुळवेलीचा बुंधा कुंपणाच्या काट्यांत गुंतला होता, तो विळ्यानं तोडून टाकला. विहिरीच्या दगडांपाशी आलो तेव्हा हात क्षणभर थांबला. तिथे उपळसरी आहे हे मला माहीत होतं. मग मनात आलं, झाडंच ती, परत येतील. आणि नळी तिकडेही फिरवली.

आठवडाभरात सगळं पिवळं पडलं, मग तपकिरी. पाहुणे यायच्या आधी मी ते वाळकं कापून ओढ्यात जाळलं. बांध माझ्या तळहातासारखा स्वच्छ झाला. गंमत म्हणजे मुलीच्या वडिलांनी शेत फिरून झाल्यावर एकच प्रश्न विचारला. “इकडं विहिरीपाशी बसायला सावलीचं काही ठेवलं न्हाई का?”

वहिनी पाहुण्यांच्या आदल्या दिवशी आल्या होत्या. पिशवी ओट्यावर ठेवून त्या नेहमीप्रमाणे आधी बांधाकडे गेल्या. मी गोठ्यात उभा होतो. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात अडुळशाचं एक जळकं खोड होतं.

“भावजी, बांधाला काय झालं?”

मी आधी काही ठरवलं नव्हतं. पण तोंडातून असं सहज आलं की जणू खरंच घडलं असावं. “मामाच्या शेळ्या शिरल्या वैनी. समदं वरबाडलं. उरलं ते वाळून गेलं, मी कापून जाळलं.”

त्यांनी ते खोड ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, “उद्या पाव्हणे हायत. चहाचं बघते.” आणि आत गेल्या.

खोटं एकदा घरात सांगून थांबत नाही. पाहुणे गेल्यावर डेअरीवर शेजाऱ्यानं विचारलं, “बांध लई चकाचक केला बे, कसा?” घरात एक आणि बाहेर एक सांगता येईना. मी म्हणालो, मामाच्या शेळ्यांनी खाल्ला. नेमके त्याच वेळी मामा चहाच्या टपरीवरून तंबाखूची पुडी घेऊन येत होते. त्यांनी ऐकलं. ते माझ्यासमोर आले.

“मालक, आमच्या शेळ्या?”

“मग कोणाच्या?”

“अडुळसा गेला का त्यात?”

“समदं गेलं.”

मामा गोंधळले होते, रागावले नव्हते. म्हणाले, “मालक, शेळी अडुळशाला तोंड लावती का कुठं? निर्गुडीला बी न्हाई लावत. माझं केस पांढरं झालं जनावरामागं, कधी बघितलं न्हाई.”

“भुकेली शेळी काय बी खाती,” मी म्हणालो.

शेजारी म्हणाला, “मामाची शेळी शिकलेली हाय. पाटी वाचून चरती.” पुन्हा हशा. मामाही कसनुसं हसले. आणि मग हसता हसताच कोणीतरी म्हणालं, जनावरं आवरत नसतील तर आमच्या शिवारात नको बाबा. दुसऱ्यानं मान डोलावली. मी तेव्हा एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी कॅनचं झाकण लावत राहिलो.

मेंढरं दुसऱ्या दिवशी निघाली. आमच्या फाट्यावरून जाताना मामांनी मला बघितलं. निरोप घेताना माणूस “येतो” म्हणतो. मामा “जातो मालक” म्हणाले. मामींनी बांधाकडे बघितलंही नाही. वहिनी ओसरीत उभ्या होत्या, हातात भाकरीच्या पिठाची पिशवी, मामींना द्यायला काढलेली. ती त्यांच्या हातातच राहिली.

पुतण्याचं लग्न नीट झालं. उन्हाळा आला. पाण्याच्या पेल्यात उपळसरीचा वास नव्हता आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. खोकला घेऊन बाया यायच्या, वहिनी त्यांना चहा देऊन दवाखान्याचा रस्ता दाखवायच्या. मला त्या बायांसमोर थांबवत नसे.

होळीनंतर एकदा निंबाखाली बसलो असताना वर बघितलं आणि चमकलो. मी बुंधा तोडला होता, खालचं सगळं मेलं होतं, पण शेंड्यावरची गुळवेल हिरवी होती. मातीशी तिचा काही संबंध उरला नव्हता, तरी पानं होती. आणि त्या पानांतून सुतळीहून बारीक असा एक दोरा खाली लोंबत होता. मूळ. वेलीनं हवेतून जमिनीकडे मूळ सोडलं होतं. त्याच्या बरोबर खाली एक फुटका माठ ठेवलेला, आत ओली माती. माठ वहिनींनी ठेवला असणार. त्या मला काही बोलल्या नव्हत्या.

त्या दोऱ्याच्या शेजारीच, छातीच्या उंचीवर, तुटलेल्या वेलीचं टोक होतं. तिरकं, गुळगुळीत. शेळीच्या दातानं तसं तुटत नाही. कोणालाही दिसेल असं ते तिथे लोंबत होतं. ओढून काढावं असं मनात आलं. पण ओढलं असतं तर तो दोराही तुटला असता. मी हात मागे घेतला.

पावसाळा सुरू होऊन रान भिजलं तशी एक दिवस वहिनी म्हणाल्या, “भावजी, गाडी काढा. काड्या मागून आणायच्यात.”

मोटारसायकलवर त्या मागे, मांडीवर ओलं पोतं. आम्ही उमापुरात गेलो, एका निवृत्त मास्तरांच्या परसात अडुळशाचं कुंपणच उभं होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “अहो तुमचंच आहे हे. पोराच्या खोकल्याला आले होते तेव्हा तुम्ही काडी हातात कोंबली होती.” चकलांब्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या न्हाणीच्या पाण्यावर निर्गुडी वाढलेली. एका वस्तीवर शतावरीला लाल फळं धरली होती. जिथे जाऊ तिथे तेच वाक्य, तुमचंच हाय वैनी. माझ्या एका दुपारच्या फवारणीनं जे मेलं ते वहिनींनी आधीच इतक्या ठिकाणी ठेवून दिलं होतं. मला आनंद झाला, आणि लाजही वाटली. दोन्ही एकदमच.

शिवणकाम करणारी बाई म्हणाली, “शेळ्यांनी खाल्लं म्हणं समदं?”

वहिनी काड्या पोत्यात गुंडाळत होत्या. “असं म्हणतेत,” त्या म्हणाल्या.

मी गाडीचा आरसा पुसू लागलो.

जुन्या खळ्याला चारही बाजूंनी पत्रे आहेत. तिथे आम्ही रोपं करायला बसलो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन खाली भोकं पाडली. माती, ओढ्याची वाळू आणि शेणखत. लेंडी नव्हती. वहिनी म्हणाल्या, “लेंडी असती तर माती हलकी झाली असती,” आणि पुढली पिशवी भरायला घेतली. अडुळशाची काडी कशी कापायची ते त्यांनी मला दाखवलं. तीन-चार डोळे ठेवायचे, खालचं टोक तिरपं कापायचं आणि वरचं सपाट, म्हणजे लावताना चूक होत नाही. गुळवेलीची काडी सावलीत ठेवून चीक सुकू द्यायचा, मगच मातीत. मी ऐकलं, आणि तरी एक अख्खी ओळ उलटी लावली.

वहिनी आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “भावजी, हे काय? समद्यांचं डोकं खाली, पाय वर. शाळा भरवली का योगाची?”

बांध गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. मी सगळ्या काड्या उपटून सुलट्या लावल्या. त्या संध्याकाळी मला भूक लागल्यासारखी भूक लागली.

श्रावणात पिशव्यांना पालवी फुटली. पहाटे दूध काढून झालं की मी आधी खळ्यात जायचो, एकेक डोळा फुगलेला बघायचो. पन्नाशीला आलेला माणूस, आयुष्यभर शेती केलेला, पण काडीला फूट येताना असं जवळ बसून मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटायला लागलं, बांध पुन्हा उभा राहिला की झालं. मग काही सांगायची गरज उरणार नाही.

मग पावसानं उघडीप दिली. ऊन कडक, रोपं दुपारी माना टाकायची. वहिनी तांब्यानं एकेका पिशवीला पाणी द्यायच्या. त्यांच्या गुडघ्यांना ते वाकणं सोसत नव्हतं. मला वाटलं आपण काहीतरी करावं. त्या शेजारच्या वस्तीवर गेल्या होत्या तेव्हा मी पंपात पाणी भरलं, नोझल बारीक केलं आणि धुक्यासारखा फवारा सगळ्या पालवीवर मारला. पानं टवटवीत दिसली. दोन-तीन दिवस मी तेच करत राहिलो. पंप आधी एकदा विसळला होता, पण नुसताच. त्याच पंपानं मी त्या हंगामात पिकातलं तण मारलं होतं.

कोवळी पानं आधी आकसली, मग कडेनं पिवळी पडली. ज्या सकाळी वहिनींनी ते बघितलं त्या सकाळी मी खळ्याच्या दारातच होतो. त्या एका पिशवीजवळ बसल्या, पान उलटंसुलटं केलं. मग उठल्या, भिंतीला टेकवलेल्या पंपाकडे गेल्या, झाकण उघडून वास घेतला. चारही बाजूंचे पत्रे बघितले. शेळीच काय, मांजरालाही आत यायला वाट नव्हती.

“औंदा कुणाच्या शेळ्या शिरल्या, भावजी?” त्यांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. मी जिथे होतो तिथे खाली बसलो. म्हणालो, “वैनी, बांध मी मारला. पाव्हण्यांसाठी. तणनाशकानं.”

“माहीत हाय.”

“कवापासून?”

“तुमी गोठ्यात उभं राहून सांगितलं तवापासून. भावजी, शेळी अडुळसा खात न्हाई हे डोंगरातल्या लेकराला बी माहीत असतंय. मी डोंगरातलीच हाय.”

“मग बोललात कावून न्हाई?”

त्यांनी जवळच्या पिशवीतलं एक पिवळं पान खुडलं. मला वाटलं त्या मला आता बोल लावतील. पण त्या म्हणाल्या, “ते विचारू नका. लई खाली बघाया लागतंय मला बी. घरात सोयरीक होत होती. दीर खोटा पडला तर गावात काय तोंड दाखवायचं, असं वाटलं मला. मामी फाट्यावरून चालली होती. मला हाक मारता आली असती. पीठ हातात घेऊन उभी राहिले नुसती. तुमी खोटं बोललात, मी गप बसले. गेलं कोणाचं? त्यांचं.”

 मग वहिनींनी पंप उचलून माझ्या हातात दिला. “हा रोपांच्या जवळ आणायचा न्हाई. आन् पुन्हा गाडी काढा.”

आम्ही पुन्हा त्याच घरी गेलो. पुन्हा काड्या. या खेपेला शिवणकामवाल्या बाईनं विचारलं, आता काय झालं, तेव्हा मी स्वतः म्हणालो, “माझी चूक झाली. तणनाशकाच्या पंपानं पाणी मारलं.” बाई खळखळून हसली आणि आणखी चार काड्या जास्त दिल्या. एवढीशी गोष्ट, पण खरं बोलून माणूस मरत नाही हे मला तिथे कळलं.

रोपं या वेळी जगली. सगळी नाही, पण बरीच. निंबाच्या वेलीचा तो दोरा माठातल्या मातीला लागला, करंगळीएवढा झाला, आणि वर नवी पानं आली. बांधावर अडुळशाची रांग पुन्हा लावताना विहिरीच्या दगडांपाशी वहिनींनी आळं केलं आणि रिकामंच ठेवलं.

“इथं काय लावायचं?” मी विचारलं.

“अडुळसा गावात मिळंल. उपळसरी न्हाई मिळायची. ती मामीकडचीच.” त्या माती हातानं सारखी करत होत्या. “आळं करून ठिवलंय. बघा आता.”

दिवाळी झाल्यावर मी मामांना शोधत निघालो. वहिनी म्हणाल्या, मी बी येते. पाटोद्याकडच्या रस्त्याला विचारत विचारत दुपारी एका तुरीच्या रानाजवळ मेंढरं दिसली. मामी चुलीपाशी होत्या. वहिनींना बघून त्या उठल्या, आणि उठून तशाच उभ्या राहिल्या. वहिनी त्यांच्यापाशी गेल्या. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही. थोड्या वेळानं दोघी बांधावर बसलेल्या दिसल्या.

मामा काठीवर हनुवटी टेकवून मेंढरांकडे बघत होते. मी समोर जाऊन हात जोडले. “मामा, बांध मीच जाळला होता. तुमच्यावर ढकललं. चुकलो.”

“मला काय सांगताय?” ते म्हणाले. “माझ्या शेळ्यांनी खाल्लं न्हाई, हे मला माहीतच होतं की.”

“माफी मागाया आलो.”

“इथं?” त्यांनी काठी रानावरून फिरवली. “इथं कोण हाय? मेंढरं. मेंढरांनी मला चोर म्हणलं न्हाई मालक. ज्यांनी म्हणलं ती माणसं तुमच्या डेअरीवर असतेत. औंदा आमी तिकडं उतरलो न्हाई. कावून? तर मामाची जनावरं आवरत न्हाईत. शिवाराशिवारात झालं ते. आमी कुठं बसवायची मेंढरं, सांगा.”

 तेवढ्यात मामी आल्या. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं, आणि ते उघडायच्या आधीच मला वास आला. डोंगर उतरताना सवयीनं त्यांनी मुळी काढून आणली होती, द्यायला कोणी नसताना.

“ही वैनीला देते,” त्या मला म्हणाल्या. “तुमाला न्हाई.”

“बरोबर हाय,” मी म्हणालो.

“आन् तो पंप बांधाकडं दिसला तर मी सवता शेळ्या सोडीन. मग खाऊ देत काय खातेत ते.”

मामा हसले. हसू दाढीत लपवत म्हणाले, “डेअरी सकाळी किती वाजता भरती?”

“तुमी याल?”

“येतो. पर मी काय बी बोलणार न्हाई. बोलायचं तुमी.”

निघताना त्यांनी “येतो म्हणा, मालक” अशी मला आठवण करून दिली. घाईत मी काही न म्हणताच गाडीला किक मारली होती.

ठरलेल्या सकाळी दूध घेऊन डेअरीवर गेलो तेव्हा नेहमीची गर्दी होती. कॅन, मापं, चहाच्या टपरीचा धूर. मामा आदल्या संध्याकाळीच एसटीनं वस्तीवर आले होते, आणि आता मोटारसायकलवर माझ्या मागे बसून आले. ते उतरून टपरीच्या खांबाला टेकून उभे राहिले, जिथे तेव्हा उभे होते त्याच्या जवळच. शेजारी म्हणाला, “आरं, शिकलेल्या शेळ्यांचं मामा! औंदा कुठली परीक्षा दिली शेळ्यांनी?”

 मी कॅन खाली ठेवला.  

“थांब बे,” मी शेजाऱ्याला म्हणालो. “समद्यांनी जरा ऐका.”

माप थांबलं. मामांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे तोंड केलं, कारण बोलायचं त्यांच्याशीच होतं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं होतं.

“मामा, शेळी अडुळसा खात न्हाई. तुमी इथंच उभं राहून सांगितलं होतं आन् मी तुमाला खोटं पाडलं. माझा बांध मी सवताच्या हातानं तणनाशक मारून जाळला, पाव्हण्यांपुढं मिरवायला. वैनीला काय सांगावं म्हणून तुमच्या शेळ्यांचं नाव घेतलं. या समद्यांनी तुमचं येणं बंद केलं, तवा मी कॅनचं झाकण लावत बसलो. तुमची जनावरं कधी कोणाच्या बांधाला गेली न्हाईत. माझ्या रानात मेंढरं बसवायला या, ही माझी विनंती हाय, न आलात तरी माझा हक्क न्हाई तक्रार करायचा. माझं चुकलं, मामा. मला माफ करा.”